पेशीला ऊन कळतं की बिघाड? 'सोलापूरकरांना सवय आहे' या दाव्यावर चर्चा

होटगी_रोडचा_मास्तर (धागा सुरू करणारा)

एप्रिल लागला की तो मेसेज फिरायला लागतो: सोलापूरकरांच्या पेशींत 'हीट शॉक प्रोटीन' जन्मतःच जास्त असतात, म्हणून ४४ अंशांतही आपल्याला काही होत नाही. यंदा तर माझ्याच अकरावीच्या पोरांनी वर्गाच्या ग्रुपवर टाकला, खाली टाळ्यांच्या रांगा. हीट शॉक प्रथिनं खरी आहेत. बाकीचं थाप आहे. माझं म्हणणं मांडतो, खोडायचं त्यांनी खुशाल खोडावं: पेशीला तापमान कळत नाही, बिघाड कळतो. हे पटलं की सवयीचा दावा उभा राहत नाही.

१९६२ साली फेरुचो रितोसा हा इटालियन संशोधक फळमाशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथी बघत होता. कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं. गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी फुगवटे आलेले दिसले. फुगवटा म्हणजे तिथलं जनुक कामाला लागल्याची खूण. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही: डायनायट्रोफिनॉल हे रसायन दिलं, तर तापमान न वाढवताही तसेच फुगवटे येतात. म्हणजे उष्णता हे एक निमित्त झालं. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं १९७४ मध्ये हाती लागली, आणि 'हीट शॉक' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता यंत्रणा. एचएसएफ१ नावाचं एक प्रथिन या जनुकांना सुरू करतं. एरवी ते एकेकटं, गप्प असतं, कारण एचएसपी७० आणि एचएसपी९० ही देखभाल करणारी प्रथिनं (हीच ती हीट शॉक प्रथिनं, यांना शॅपरोन म्हणतात) त्याला धरून बसलेली असतात. पेशीतल्या इतर प्रथिनांची घडी (त्यांचा ठरलेला आकार) उलगडायला, ती एकमेकांना चिकटायला लागली, म्हणजे बिघाड झाला, की शॅपरोन तिकडे धावतात. एचएसएफ१ सुटतं, तिघं-तिघं एकत्र येऊन डीएनएवर बसतात आणि नवे शॅपरोन बनायला लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर यंत्रमागाच्या शेडमधले जॉबर (लूम दुरुस्त करणारे कारागीर) एरवी मालकाच्या टेबलाभोवती बसून त्याला उठू देत नाहीत. धागे तुटायला लागले की सगळे लूमकडे पळतात, मालक मोकळा होतो आणि आणखी जॉबर बोलावतो. लूम परत सुरळीत चालले की रिकामे जॉबर टेबलाशी परत.

पुरावा हवा? १९८६ मध्ये बेडकाच्या अंडपेशीत साधी प्रथिनं टोचून बघितली. धड घडी असलेलं प्रथिन टोचलं, काही नाही. तेच प्रथिन आधी बिघडवून टोचलं, तर हीट शॉकचं जनुक सुरू. तापमान होतं तेवढंच.

एमएस्सी_सूक्ष्मजीव

सर, तुमची विद्यार्थिनी होते म्हणून आदर आहेच, पण 'पेशीला तापमान कळत नाही' हे वाक्य टिकणार नाही. ई. कोलाय हा जीवाणू घ्या. तिथे सिग्मा-३२ नावाचं प्रथिन हेच काम करतं. त्याचा जो संदेशवाहक आरएनए असतो, तो ३० अंशांना स्वतःवरच दुमडून बसलेला असतो. रायबोसोम (प्रथिन बनवणारं यंत्र) बसायची जागाच झाकलेली. ४२ अंशांना ती घडी सैल होते आणि प्रथिन बनायला लागतं. यात कुठला बिघाड आणि कुठले शॅपरोन? हा शुद्ध थर्मामीटर आहे.

दुसरं, माणसाचं एचएसएफ१ शुद्ध करून नुसतं नळीत ठेवलं, बाकी पेशी नाहीच, तरी गरम केल्यावर ते तिघं-तिघं एकत्र येतं. म्हणजे तुमच्या मालकाला जॉबर नसतानाही घाम फुटतो. उपमा छान आहे, पण तिने प्रश्न मिटवला नाही, झाकला.

होटगी_रोडचा_मास्तर

ई. कोलायचं मान्य, तो मुद्दा बिनतोड आहे. पण तिथेही अर्धीच गोष्ट सांगितलीस. एरवी सिग्मा-३२ बनलं की मिनिटभरात अर्धं नष्ट होतं, कारण डीएनएके हा तिथला शॅपरोन त्याला पकडून एफटीएसएच या कात्रीच्या हवाली करतो. उष्णतेत डीएनएके दुसरीकडे गुंतला की सिग्मा-३२ टिकतं. थर्मामीटर फक्त पहिला धक्का देतो. किती वेळ चालायचं आणि कधी थांबायचं ते शॅपरोनच ठरवतात.

आणि नळीतल्या प्रयोगाला १९९३ चं उत्तर आहे. माणसाच्या पेशीत एचएसएफ१ साधारण ४१ अंशांच्या पुढे जागं होतं. तेच माणसाचं प्रथिन फळमाशीच्या पेशीत घातलं तर ३२ अंशांच्या आसपासच जागं झालं, म्हणजे माशीच्या हिशोबाने. प्रथिनाचा एक अणू बदललेला नाही. आकडा प्रथिनात कोरलेला असता तर असं कसं झालं असतं?

एमएस्सी_सूक्ष्मजीव

त्यातून एवढंच सिद्ध होतं की आसपासची पेशी उंबरठा हलवते. प्रथिनाला स्वतःची संवेदना नाही, हे सिद्ध होत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि माझ्या मते आहेच. तुम्हाला एकच कारण हवं असतं सर, वर्गात शिकवायला सोपं जातं म्हणून. 🙂

कांडीवाला

हे माशी आणि बेडूक ठीक हाय ओ. आम्ही पूर्व भागातले. अक्कलकोट रोडला शेड हाय, वर पत्रा. खिडक्या बंद, कारण कोरडं वारं आलं की ताण्याचा धागा तुटतोय. वरून पाणी मारून ओल धरायची. मे महिन्यात दुपारी दोनला आत येऊन उभं राहा, मग सांगा सवय असती का नसती. नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात चक्कर येऊन पडतंय. पंधरा दिवसांनी तेच पोरगं कांड्या भरत गाणं म्हणतंय. ही सवय न्हाई तर काय हो मास्तर?

दवाखान्यातली_ताई

कांडीवाले भाऊ, तुम्ही बघितलंय ते शंभर टक्के खरं आहे, आणि मास्तर ते फार झटकन उडवतायत. आठ-पंधरा दिवस रोज उष्णतेत काम केलं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि जास्त सुटतो, घामातून मीठ कमी जातं, नाडी आधीइतकी धडधडत नाही. हे शरीराचं जुळवून घेणं. त्यात जन्मजात काही नाही. महिनाभर गार हवेत राहिलात की बरंचसं जातं. पुण्यात थंडी काढून मेमध्ये घरी आलेला सोलापूरकर आणि पुणेकर यांत फारसा फरक उरत नाही.

पण एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात राहतेय. बाहेर ४४ अंश म्हणजे आतल्या पेशीला ४४ अंश नव्हे! घाम वाळतोय तोवर आतलं तापमान ३७ च्या जवळपास राहतं, मग एचएसएफ१ ला उठायचं कारणच काय? घाम वाळणं थांबलं की गाडी घसरते. आणि तुमच्या शेडमध्ये धाग्यासाठी ओल धरतात, तिथे नेमकं हेच होतं. घाम गळतो पण वाळत नाही. आतलं तापमान ४० च्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला की तो उष्माघात. तेव्हा पेशी शॅपरोन बनवतेय का, हे बघायला वेळ नसतो. आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, गाडी बोलवा.

होटगी_रोडचा_मास्तर

ताई, मी झटकलं नाही. माझा आक्षेप 'जन्मतःच जास्त' याला आहे. सरावानंतर रक्तपेशींत एचएसपी७० ची पातळी वाढलेली काही अभ्यासांत दिसली आहे, तेही नाकारत नाही. पण जास्त म्हणजे चांगलं, हा समज घातक आहे. फळमाशीच्या पेशींना कारण नसताना सतत एचएसपी७० बनवायला लावलं तर त्यांची वाढ मंदावते. अळ्यांत जनुकाच्या जादा प्रती घातल्या तर तिथेही तोटा दिसला. म्हणूनच माणसाच्या पेशी ४२ अंशांवर तशाच ठेवल्या तरी काही तासांत प्रतिसाद ओसरतो: पुरेसे शॅपरोन झाले की ते एचएसएफ१ ला परत धरतात. सुरू कसं होतं यावर आपण भांडतोय, पण खरी कारागिरी बंद करण्यात आहे.

एमएस्सी_सूक्ष्मजीव

इथे मात्र मी सरांच्या बाजूला. ज्या उंदरांत एचएसएफ१ नाही, त्यांना कॅन्सरच्या गाठी कमी होतात असं २००७ मध्ये दिसलं. कॅन्सरची पेशीही आपली बिघडलेली प्रथिनं सांभाळायला हीच यंत्रणा वापरते. 'हीट शॉक प्रोटीन वाढवा' म्हणून पावडर विकणाऱ्यांनी हे वाचावं. (त्या मेसेजखाली पावडरची लिंक होती, हे कुणाच्या लक्षात आलं का?)

सांगोल्याचा_भगवा

माणसांचं झालं असेल तर झाडाचं बोलू का? माझी डाळिंबाची बाग आहे. झाड सावलीला जाऊ शकत नाही. पाणी कमी पडलं की पान आपली रंध्रं मिटतं, मग पान हवेपेक्षाही तापतं. ताई म्हणतात तसं '३७ ला राहतं' हे आमच्याकडे चालत नाही. म्हणून झाडांनी हा कारखाना मोठा ठेवलाय: अराबिडॉप्सिस नावाचं एवढंसं रोप, त्यात एचएसएफची २१ जनुकं. आणि त्यांतलं एचएसएफए२ तर आधीच्या तापाची आठवण काही दिवस धरून ठेवतं. मध्यम ऊन लागून गेलेलं रोप पुढचं कडक ऊन जास्त सोसतं. मग मास्तरांचं 'सवय थाप आहे' झाडाला लागू होत नाही. माझ्या बागेत सवय पेशीतच आहे.

होटगी_रोडचा_मास्तर

मी माणसांबद्दल बोलत होतो, पण घ्या, झाडापुरतं मान्य. तरी एक विचारतो: एवढी आठवण असून तुमच्या पश्चिमेकडच्या फळांना ऊन लागून डाग का पडतात? केओलीनची पांढरी माती का फवारता, शेडनेट का घालता?

सांगोल्याचा_भगवा

कारण पान सोसतं म्हणून फळाची साल सोसत नाही. रोप जगलं म्हणून व्यापारी भाव देत नाही. जगणं आणि ए ग्रेड, दोन वेगळे हिशोब आहेत मास्तर.

कांडीवाला

बरं, मग माझ्या शेडचं काय ते सांगा. खिडकी उघडली की धागा तुटतोय, बंद ठेवली की माणूस पडतोय.

दवाखान्यातली_ताई

मे महिन्यात पाळी सकाळी सहाला सुरू करून बाराला थांबवा. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात अर्धीच पाळी द्या. पत्र्याला वरून पांढरा चुना मारा. मीठ-साखरेचं पाणी लूमजवळच ठेवा, दारात नको; उठून कुणी जात नाही.

कांडीवाला

चुना मारतो. पाणी पण ठेवतो. सहा ते बाराचं मात्र आमच्या मालकाला तुम्हीच सांगा ताई, मजुरी नगावर हाय. सहा तासांत चादरी किती पडतात ते तो मोजतोय, आणि खरं सांगायचं तर मी पण मोजतोय.

एमएस्सी_सूक्ष्मजीव

सर, तो मेसेज ग्रुपवर अजून तसाच आहे. खाली निदान ताईंचं वाक्य तरी टाका, बाहेरचे ४४ आणि आतले ४४ वेगळे असतात ते. एचएसएफ१ चं भांडण आपण नंतर करू. थर्मामीटरचा मुद्दा मी सोडलेला नाही.