प्रतिसाद: जुन्या ओम्नीचा काटा आणि किलोमीटर, दोन्ही बंद

ओम्नी व्हॅनच्या स्पीडोमीटरमधला वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे, दोन्ही एकदम बंद पडले असतील तर नवा मीटर घ्यायची घाई अजिबात करू नका. काटा आणि आकडे गिअरबॉक्सकडून मीटरपर्यंत येणाऱ्या एकाच केबलवर चालतात, म्हणून दोष बहुधा केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सकडच्या छोट्या पिनियनमध्ये (केबल फिरवणाऱ्या दातेरी चक्रात) असतो. काटा चालतो पण आकडे फिरत नाहीत, तेव्हाच मीटरमधल्या प्लास्टिकच्या चक्राचे दात गेलेले असतात.

मीटरमागून केबल सोडवा. पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, मागचं एक चाक जॅकवर उचला आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवा. आतली तार फिरली तर केबल ठीक. नाहीच फिरली तर तार ओढून पाहा: तुटलेली किंवा चौकोनी टोक घासून गोल झालेली असेल तर केबल बदला. तार धड असेल तर पिनियन पाहा.

काटा थरथरत असेल तर तार रॉकेलने धुऊन पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडची दोन-तीन इंच कोरडी ठेवा. ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरलं की काटा चिकटतो. केबल बसवताना तीव्र वळण नको, तिथेच ती पुन्हा तुटते.