मदत हवी आहे: व्यायाम नियमित, अंगात ताकद, तरी आरशासमोर नाराजी. प्रशिक्षकाने काय बदलावं?

लोखंडी:
छोट्या जिममध्ये प्रशिक्षण देतो. सकाळच्या बॅचमधल्या तिघी-चौघी रोज काट्यावर चढतात आणि आकडा अर्धा किलो वर दिसला की त्या दिवशी जेवण टाळतात. संध्याकाळी एक मुलगा येतो, वय 22, चांगला भरलेला, 100 किलोचा स्क्वॉट मारतो. पण स्वतःला हडकुळा म्हणतो आणि मे महिन्यातही हूडी काढत नाही. "मस्त बॉडी आहे रे तुझी" म्हणून काही उपयोग होत नाही. आरसे काढू का? काटा हलवू का? आणि डॉक्टरांकडे कधी पाठवायचं?

रानवाट:
आधी काटा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. रोजच्या खाण्यावर तेवढं जास्तीचं एका रात्रीत कुणी खात नाही. वरखाली होतं ते मुख्यतः पाणी. स्नायूंमधल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साठवलेल्या साखरेबरोबर) साधारण 3 ग्रॅम पाणी राहतं, त्यामुळे लग्नाचं जेवण झालं की दुसऱ्या सकाळी काटा वर जातो. पापड-लोणच्यातलं मीठ, पाळीआधीचे दिवस, क्रिएटिन या ताकदीसाठीच्या पूरकाचा पहिला आठवडा, यांनीही पाणी धरून राहतं. काटा हॉलमधून उचला. वजन कमी करणं हेच ध्येय असेल त्यांनी आठवड्यातून तीन सकाळी मोजून फक्त सरासरी लिहावी. ज्यांचं जेवण आकड्यावर ठरतं त्यांनी काही आठवडे काट्यावर चढूच नये.

आरसे सगळे काढू नका. रॅकजवळचा तंत्र बघायला कामाला येतो. ट्रेडमिल आणि स्ट्रेचिंगच्या जागेसमोरचा मात्र झाका, तिथे स्वतःला न्याहाळण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

त्या मुलाचं एक लक्षात घ्या. सेट झाल्यावर स्नायूंत रक्त आणि पाणी भरून दंड फुगतो, वरच्या दिव्याने सावल्या पडतात आणि कट्स, म्हणजे स्नायूंच्या रेषा, उठून दिसतात. थोड्या वेळाने हा फुगवटा (पंप) उतरतो. घरच्या ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात तोच दंड बारीक दिसतो आणि कमावलेलं सगळं गेलं असं वाटतं. टेपने सेटआधी, सेटनंतर आणि दोन तासांनी मोजून दाखवा.

शुभ्रा:
टेपचा प्रयोग या मुलावर नको, रानवाट. वारंवार मोजणं, चिमटीत धरून बघणं, इतरांशी दंड ताडून बघणं हे त्रासाचंच अंग आहे. त्यात आपण अजून एक मोजमाप हातात देऊ. कौतुकही म्हणूनच चालत नाही. त्याने मिनिटभर बरं वाटतं आणि पुन्हा विचारावंसं वाटतं. "बारीक झालीस", "भरलास" हे दोन्ही शब्द बॅचमधून हद्दपार करा आणि त्या जागी दिसलेलं काम सांगा: "शेवटच्या दोन रेप्समध्ये पाठ सरळ राहिली."

सकाळच्या बॅचसाठी वही ठेवा. आठवड्यातून एकदा 10 मिनिटं, शरीराने काय करू दिलं ते नेमकं लिहायचं. "फिट वाटलं" असं मोघम नको. "पाण्याची 20 लिटरची बाटली न थांबता दुसऱ्या मजल्यावर नेली", "पोराला कडेवर घेऊन बाजार केला", असं. इथे चुकतं ते एकाच ठिकाणी: वहीत फक्त किलो आणि रेप्स भरले की तीच नवी छडी होते, आणि आजारपणाच्या आठवड्यात माणूस पुन्हा स्वतःवर चिडतो. म्हणून झोप, श्वास, दुखणं कमी होणं, हेही त्यात येऊ द्या.

लोखंडी:
वही उद्यापासून. मुलाचं काय करू?

शुभ्रा:
तुम्ही लिहिलंय ते मसल डिसमॉर्फियाशी, म्हणजे भरलेलं शरीर असूनही स्वतःला हडकुळं समजण्याच्या विकाराशी जुळतं, पण निदान डॉक्टरच करतील. 1993 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी बॉडीबिल्डर्समध्ये हे नोंदवलं, तेव्हा नाव होतं उलटा ॲनोरेक्सिया (ॲनोरेक्सियात माणूस हडकुळा असूनही स्वतःला जाड समजतो). 2013 पासून डीएसएम-5 या मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तकात तो बॉडी डिसमॉर्फिक विकाराचा (स्वतःच्या दिसण्यातल्या दोषाचा सतत ध्यास) प्रकार धरला जातो, म्हणजे ओसीडीच्या, तेच ते विचार आणि कृती करायला लावणाऱ्या विकाराच्या जवळचा. पाठवायची वेळ अशी ओळखा: दुखापतीतही सुट्टी घेत नाही, व्यायामासाठी परीक्षा किंवा घरची कार्यं चुकवतो, दिवसातला तासभर तरी याच विचारात जातो, किंवा इंजेक्शनं सुरू केलीत.

स्टेरॉइड घेत असेल तर "आजच बंद कर" म्हणू नका. बाहेरून मिळणाऱ्या हार्मोनमुळे शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन दबलेलं असतं. एकदम थांबवलं की मन खचतं, कधी आत्महत्येचे विचारही येतात. डॉक्टरांच्या देखरेखीत थांबवावं.

सकाळच्या बॅचमध्ये कुणाची पाळी सलग तीन महिने चुकली किंवा जेवणानंतर उलटी काढणं दिसलं, तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांकडेच पाठवा.

बोलताना सगळ्यांसमोर नको, आणि "तू छान दिसतोस" यावर वादही नको. बाजूला घेऊन म्हणा, "तू दिसतोस कसा ते राहू दे. यात तुझा किती वेळ आणि जीव जातोय, ते मला दिसतंय." नाही म्हणाला तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तोवर हूडीवरून टोकू नका. ती काढणं हा उपचाराचा भाग असतो आणि थेरपिस्ट ते टप्प्याटप्प्याने, त्याच्या संमतीने करतात.