नागपूरच्या मानेवाड्यात नवं घर, मागे कंबरभर गाजर गवत: सुरुवात कुठून?

नवा_घरमालक: मागची 800 चौरस फूट जागा बरीच वर्षं पडून होती. गाजर गवत, कडेला घाणेरी, मनगटाएवढी सुबाभळं, खाली लव्हाळा. माती काळी. सप्टेंबर संपत आला. जेसीबी बोलवू?

कास्तकार_हिंगणा: जेसीबी नको भाऊ. ओली काळी माती दबून घट्ट होते अन् लव्हाळ्याच्या गाठी आवारभर पसरतात. एकेका गाठीतून नवं रोप निघते. रोटाव्हेटरचंही तेच.

पाऊस उघडला अन् जमीन वाफशावर आली, म्हणजे ओल असूनही चिकटेनाशी झाली, की कामाला लागा. त्याआधी माती फावड्याला चिकटते. उशीर केला तर ती इतकी कडक होते की गाजर गवत वरून तुटते अन् बुंध्यातून पुन्हा फुटते. ते मुळासकट उपटा. पांढरी फुलं आलेली झाडं आधी काढा, न झटकता सरळ पोत्यात भरा. फुलांआधीचं गवत कंपोस्टला चालते. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे अन् मास्क हवाच, याच्या परागानं दमा उठतो, अंगाला खाज सुटते.

लव्हाळा खुरपून जात नाही. वीतभर खणून गाठी माळेसकट वेचा, नवा कोंब दिसला की पुन्हा. एका मोसमात संपेल अशी आशा ठेवू नका. सुबाभूळ नुसती कापली तर फुटते, बुंधा मुळासकट खणावा लागते.

गमबूट_काका: ह्या सगळ्याआधी साप! घोणस, नाग, मण्यार तिन्ही आपल्याकडे आहेत. गमबूट घाला, लांब काठीनं गवत हलवत चला. घराकडून सुरू करून मोकळ्या बाजूकडे सरका, म्हणजे सापाला निघायला वाट राहते. जुन्या विटांच्या ढिगात हात घालायचा नाही, सब्बलीनं उलटवा. चावलाच तर बांधणं-कापणं नाही, सरळ मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) गाठा.

2018 मध्ये नागपुरात स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण निघाले होते. तो झुडपांतल्या बारीक माइटच्या अळीमुळे होतो. काम संपलं की आंघोळ, कपडे गरम पाण्यात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर गवतात काम केल्याचं डॉक्टरांना सांगा.

नवा_घरमालक: ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तर? अन् सुबाभळीला परवानगी लागते का?

कास्तकार_हिंगणा: ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरतं मर्यादित केलं, स्वतः फवारू नका. कुणी मिठाचं पाणी सुचवेल. गाजर गवत जळते खरं, पण काळ्या मातीचा निचरा बिघडते. मग तिथे बाग कशी करणार? झाडांसाठी मनपाच्या उद्यान विभागात आधी विचारा. 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा खाजगी आवारालाही लागू आहे.