मदत हवी आहे : पद्मिनीचा सडलेला पत्रा, आधी सिल की फ्लोअर?

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, रत्नागिरीत घरच्या पडवीत उभी. इंजिन सुरू होतं, आरसी रिन्यू आहे. प्रश्न फक्त पत्र्याचा.

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर भोकातून पडवीची फरशी दिसली. वायर ब्रशने घासून, स्क्रूड्रायव्हर टोचत चांगला पत्रा कुठे लागतो ते खडूने आखलंय. फ्लोअरला साधारण दीड फूट बाय एक फूट भोक आहे. त्याला लागून सिल, म्हणजे दाराखालून लांबीने जाणारी पत्र्याची पेटी, आतून सडलाय, बोटाने दाबला की पापुद्रे पडतात. डाव्या बाजूला वरवरचाच गंज होता. तिथे फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावून रेड ऑक्साइड प्रायमर मारला, ते छान बसलंय.

एका डेंटरने पत्रा रिव्हेट करून वर पुट्टी भरू म्हटलं. मी नाही म्हणालो. या गाडीला खाली वेगळी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे सिल अशा ठिगळावर सोडायचा नाही. ओळखीचा फॅब्रिकेटर सीओटू वेल्डिंग मशीन घेऊन घरी येईल, पण त्याने गाडीचं काम कधी केलेलं नाही. बजेट पंचवीस हजार, रंग पुढच्या वर्षी.

दारं आज अगदी नीट लागतात, ती तशीच राहायला हवीत. मग आधी सिल कापायचा की फ्लोअर? कापताना जॅक नेमके कुठे लावायचे, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टाकायचा का? आणि पत्रा किती जाड, १८ गेज घ्यावा की २०?