शब्दचर्चा : महासंगणकाची ‘ऊर्जाबचत’ की ‘वीज-उतारा’?

प्रश्न (लातूर) : महासंगणकांवर मराठीत लेख लिहिताना ‘एनर्जी एफिशियन्सी’ या संज्ञेपाशी मी अडलो आहे. ‘ऊर्जादक्षता’ म्हणावे, तर मराठीत दक्षता म्हणजे सावधगिरी. ‘ऊर्जाक्षमता’ वाचून यंत्र किती वीज पेलते, असा समज होतो. ‘ऊर्जाबचत’ चालेल का?

उत्तर (परभणी) : ‘ऊर्जाबचत’ कृपया वापरू नये, कारण हा शब्द वस्तुस्थितीच्या उलट जातो. 2008 साली पेटाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी गणितांचा, टप्पा ओलांडणाऱ्या रोडरनर या महासंगणकाला सुमारे 2.35 मेगावॅट वीज लागत होती, तर नोव्हेंबर 2024 मध्ये वेगात पहिला आलेल्या एल कॅपिटनला जवळपास 30 मेगावॅट लागते. विजेचा खर्च बारा पटींहून अधिक वाढला, पण गणनेचा वेग सतराशे पटींच्या घरात गेला. वीज वाचलेली नाही, वॅटमागे पदरात पडणारे काम वाढले आहे.

यासाठी आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्द आहे : उतारा. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या फलकावर दिवसाच्या गाळपाशेजारी साखर उतारा लिहिलेला असतो, आणि सोयाबीनची रास झाली की शेजारी पहिल्यांदा विचारतो तो एकरी उतारा. यांतला एकरी उताराच मला अधिक जवळचा वाटतो. पंपाच्या मोटारीची एफिशियन्सी टक्क्यांत सांगतात, कारण वीज आणि काम दोन्ही एकाच मापात बसतात. महासंगणकांना वॅटमागच्या कामावरून क्रम देणाऱ्या ग्रीन500 यादीत मात्र सेकंदाला होणाऱ्या गणितांना वॅटने भागतात, जसे क्विंटलला एकराने भागावे, आणि तिथे शंभर टक्क्यांची कमाल लागू होत नाही. नोव्हेंबर 2007 च्या पहिल्या यादीत अव्वल ठरलेल्या ब्लू जीन/पीचा उतारा वॅटमागे 357 मेगाफ्लॉप (एक मेगाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख गणिते) होता. नोव्हेंबर 2024 मध्ये जर्मनीतील जेडायने 72.7 गिगाफ्लॉप (एक गिगाफ्लॉप म्हणजे हजार मेगाफ्लॉप) गाठले, म्हणजे सुमारे दोनशे पट. चिपवरचा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची सूक्ष्म कळ, लहान झाला की व्होल्टेजही उतरायचे आणि वीज कमी लागायची, ही सोय 2005-06 च्या सुमारास जवळपास संपली होती, हे लक्षात घेतले की ही वाढ किती कष्टाची आहे ते कळते. तिचा मोठा वाटा ग्राफिक्स प्रोसेसरांकडे सोपवलेल्या समांतर गणनेचा आहे.

प्रश्नकर्ता : पटले. पण वाचकाला सातबाराचा उतारा आठवणार नाही का?

उत्तर : आठवेल, विषावरचा उताराही आठवेल, म्हणून शीर्षकात ‘वीज-उतारा’ लिहावे आणि मजकुरात ‘वॅटमागे उतारा’. मागे एकक आले की सातबारा आपोआप बाजूला पडतो.