मदत हवी आहे: पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) शिक्षेविरुद्ध अपील, पर्वरीला पुढे काय होतं?

ओळखीच्या एका कुटुंबासाठी विचारतेय. नाव-गाव कृपया विचारू नका, पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. पणजीच्या बाल न्यायालयात आरोपीला शिक्षा झाली, आता त्याने पर्वरीला हायकोर्टात अपील घातलंय. आईला धास्ती एकच: पोरीला परत पिंजऱ्यात उभं करणार का?

मला कळलंय ते असं, की अपिलात सहसा नव्याने साक्ष होत नाही. खालच्या कोर्टातल्या जबान्या नि कागदच पुन्हा तपासतात. पण तपासतात कसून. बचावाचे वकील वयाच्या दाखल्यावर आणि जबानीतल्या विसंगतींवर बोट ठेवतात. पोक्सोच्या कलम २९ चं गृहीतक (गुन्हा आरोपीनेच केला असं कोर्ट धरून चालतं) आरोपीविरुद्ध असलं, तरी मूळ घटना आधी सरकार पक्षालाच दाखवावी लागते. नागपूर खंडपीठाचा तो 'त्वचेला त्वचा' निकाल आठवतो ना, कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोखाली लैंगिक हल्ला ठरत नाही म्हणणारा? सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्येच फिरवला, तरी आईच्या डोक्यातून तो जात नाही.

आता शिक्षा स्थगितीचा अर्जही आलाय. त्यात आमचं म्हणणं मांडायला वेगळा अर्ज करायचा, की सरकारी वकिलांमार्फत जायचं? विधी सेवा प्राधिकरणाचा (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) वकील अपिलासाठी मिळतो का? गोव्यात हे केलेलं कुणी असेल तर सांगा, इनबॉक्समध्येही चालेल.