शब्दचर्चा: ‘इम्यून’ झालेल्या सशाला काय म्हणायचं?

प्रश्न: उपदंशाची (सिफिलिसची) लागण केलेल्या प्रयोगशाळेतल्या सशांवरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘इम्यून रिस्पॉन्स’ला ‘प्रतिकारशक्ती’ लिहिलं तर खपेल का? आणि ‘इम्यून’ ससा म्हणजे बरा झालेला ससाच ना?

प्रतिसाद: दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही! त्यामुळे पहिल्याचंही नाही.

सशाच्या कातडीत ट्रेपोनेमा पॅलिडम, म्हणजे उपदंशाचा जंतू, टोचला की काही दिवसांनी तिथे कठीण व्रण उठतो. त्या जागी टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) गोळा होतात आणि त्यांच्यातून सुटणारं इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन महाभक्षी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशींना चेव आणतं. रक्तातले प्रतिपिंड (अँटिबॉडी) जंतूंना चिकटले की महाभक्षींना ते गिळणं सोपं जातं. बहुतेक जंतू फस्त होतात, व्रण भरून येतो. ही सगळी घडामोड म्हणजे ‘रिस्पॉन्स’. तिला ‘प्रतिकार’ पुरे, ‘शक्ती’ कशाला जोडायची?

आता गंमत बघा. साधारण तीन महिन्यांनी त्याच सशाला त्याच वाणाचे (स्ट्रेनचे) जंतू पुन्हा टोचले तर व्रण उठत नाही. पण त्याच्या लसिकाग्रंथीचा (लिम्फ नोडचा) अर्क दुसऱ्या निरोगी सशाला टोचला, तर त्याला उपदंश होतो. म्हणजे पहिला ससा ‘इम्यून’ही आहे आणि रोगीही. इथे ‘रोगमुक्त’ लिहिलंत तर लेखाचा अर्थच उलटा होईल. मी ‘व्रण-प्रतिकारक्षम’ लिहीन. बोजड आहे, पण खरं आहे.

प्रश्नकर्ता: एवढा प्रतिकार असून जंतू उरतात कसे?

प्रतिसाद: या जंतूच्या बाहेरच्या आवरणावर प्रथिनं फारच थोडी, त्यामुळे प्रतिपिंडांना धरायला जागा कमी. त्यातलं टीपीआरके नावाचं प्रथिन आपले सात भाग सतत बदलत राहतं. जुन्या रूपासाठी बनलेले प्रतिपिंड नव्या रूपाला ओळखत नाहीत. वेगळ्या वाणाचे जंतू टोचले तर ‘इम्यून’ सशालाही व्रण उठू शकतो, त्यामागे हेही एक कारण मानतात. ‘प्रतिकारशक्ती वाढली’ या वाक्यात यातलं काहीच मावत नाही.

आणखी एक: ‘प्रतिपिंड म्हणजेच प्रतिकारशक्ती’ असंही कुठे लिहू नका. इम्यून सशाचा रक्तद्रव दुसऱ्या सशाला दिला तर व्रण उशिरा येतो, सौम्य येतो, पण येतो. पेशींचा वाटा वेगळा दाखवायलाच हवा. १९७३ साली मिलर या संशोधकांनी गॅमा किरणांनी निष्प्रभ केलेले जंतू सशांना ३७ आठवड्यांत ६० वेळा टोचले, तेव्हा कुठे पूर्ण संरक्षण मिळालं. हे ‘लसीकरण’ म्हणायला हरकत नाही, पण माणसांसाठी एवढ्या सुया कोण टोचून घेणार?

जाता जाता, लेखात ‘प्राणी’ असेल तिथे सवयीने ‘उंदीर’ घालू नका. उंदरांना लागण होते, पण माणसासारखा व्रण उठत नाही, म्हणून तर ससा. त्याच्या पाठीवरचे केस काढून त्याला थंड खोलीत ठेवतात, कारण या जंतूला उष्णता सोसत नाही. आणि आपल्याकडे रोगाचं नाव काय, तर ‘गरमी’!

प्रश्नकर्ता: मग ‘गरमी’ लिहू की ‘उपदंश’? ‘फिरंग’ही वाचलंय.

प्रतिसाद: ‘फिरंगरोग’ हा शब्द ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथातला, सोळाव्या शतकातला. जुन्या वैद्यकात ‘उपदंश’ जननेंद्रियावरच्या इतर व्रणांनाही म्हणत. आजच्या वाचकासाठी शीर्षकात ‘उपदंश’ ठेवा आणि पहिल्या वाक्यात एकदा ‘सिफिलिस’ म्हणा.